‘या मजकुराऐवजी’: राज्याचं विधेयक पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या साप्ताहिकात मी बातमी लिहिली होती. मथळा होता ‘अखेर कायदा झाला!’ जमिनीच्या व्यवहारांशी संबंधित बदल होता आणि बातमीतला शब्द न् शब्द पत्रकार परिषदेतून उचललेला होता. आठ-दहा दिवसांनी एक वयस्कर गृहस्थ कात्रण घेऊन आले. ते कात्रण त्यांनी तलाठ्याला दाखवलं होतं. तलाठ्याने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, “काका, राजपत्र आहे का?” राजपत्र नव्हतं, कारण कायदाच नव्हता. मंत्रिमंडळाने विधेयकाच्या मसुद्याला मान्यता दिली होती, एवढंच काय ते घडलं होतं. काकांचे जाण्या-येण्याचे पैसे आणि एक दिवस माझ्या मथळ्यापायी गेला.

तेव्हापासून विधेयक मुळातून वाचल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही, असं ठरवलं. सुरुवातीला ती भाषा अंगावर येते. पण पाच-सहा विधेयकं वाचली की तिचा साचा कळतो आणि मग दहा पानांचं विधेयक अर्ध्या तासात हाताखालून जातं. मी ज्या क्रमाने वाचतो तोच क्रम इथे देतो. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

आधी कागद ओळखा

‘सरकारने कायदा केला’ या एका वाक्यात पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे सरकारने मनाशी केलेला निश्चय. तेवढ्यावर तलाठी, निबंधक किंवा न्यायालय काहीही करू शकत नाही. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो, तो विभागाने स्वतःच्या यंत्रणेला दिलेला आदेश. त्याने योजना सुरू होते, समिती नेमली जाते, पण कायद्यातलं एक अक्षरही बदलत नाही. विधेयक म्हणजे विधिमंडळापुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव. दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं आणि राज्यपालांची किंवा गरज असेल तिथे राष्ट्रपतींची संमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. अधिनियमाखाली पुढे नियम आणि अधिसूचना निघतात.

अध्यादेश यात जरा वेगळा बसतो. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली तो काढतात आणि तो निघाल्यापासून कायद्याइतकाच बांधतो. मात्र त्याचं आयुष्य ठरलेलं असतं: विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो संपतो. म्हणून विधेयकाच्या शेवटच्या खंडात (अधिनियमात जे कलम, त्याला विधेयकात खंड म्हणतात) ‘अध्यादेशाचे निरसन’, म्हणजे अध्यादेश रद्द करणं, दिसलं, तर समजायचं की हा बदल नवा नाही. तो आधीच लागू झालेला आहे आणि सभागृह आता त्यावर शिक्कामोर्तब करतंय.

मजकूर हातात घ्या

वर्तमानपत्रातला सारांश, वकिलाची चित्रफीत, गटावर फिरणारा संदेश हे सगळं बाजूला ठेवा आणि मूळ विधेयक मिळवा. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मांडलेली विधेयकं असतात, आणि राजपत्राच्या असाधारण भागातही ती छापली जातात. राज्यात वर्षाला सहसा तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्या दिवसांत रोजची कामकाजाची पत्रिका बघायची सवय लावली की कुठलं विधेयक कधी येतंय हे बातमीच्या आधी कळतं.

पहिल्या पानावर ‘सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक’ असं लिहिलेलं असतं. हे वर्ष आणि हा क्रमांक वहीत टिपून ठेवा, कारण विधेयकाची नावं फसवी असतात. एकाच कायद्यात एका वर्षात दोन-तीन सुधारणा येतात आणि तिघींची नावं जवळपास सारखीच असतात.

जुन्या कायद्यांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पूर्वी ज्यांच्या नावात ‘मुंबई’ होतं अशा अनेक कायद्यांच्या नावात २०१२ मध्ये ‘महाराष्ट्र’ आलं. जुन्या पुस्तकातला मुंबई अमुक अधिनियम आणि विधेयकातला महाराष्ट्र अमुक अधिनियम हे बहुधा एकच असतात. समासात छापलेला ‘१९६६ चा महा. ४१’ यासारखा आकडा बघितला की शंका फिटते. १९६६ साली झालेला महाराष्ट्राचा ४१ वा अधिनियम, असा त्याचा अर्थ. ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता.

भाषेची एक सोय सांगून ठेवतो. आपल्याकडे १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर विधेयकं मराठीत येतात आणि राज्यपालांच्या प्राधिकाराने त्यांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध होतो. एखादं मराठी वाक्य सहा ओळींचं झालं आणि कर्ता कुठे, क्रियापद कुठे हे कळेनासं झालं, की मी अनुवाद उघडतो. खोटं कशाला बोलू, दर विधेयकात एकदा तरी ही वेळ येते.

शेवटच्या पानापासून वाचा

नवा वाचक पहिल्या खंडापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या खंडाशी दमतो. विधेयकाच्या मागच्या बाजूला ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, ते आधी वाचा. सरकारला हा बदल का करावासा वाटतो हे तिथे बऱ्यापैकी सरळ मराठीत सांगितलेलं असतं. पण ती सरकारची बाजू आहे हे विसरू नका. निवेदनात ‘प्रक्रिया सुलभ करण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर कोणासाठी सुलभ, हा प्रश्न कोपऱ्यात लिहून पुढे जा. उत्तर खंडांत सापडेल.

त्यानंतर दोन ज्ञापनं, म्हणजे माहितीची टिपणं, येतात. वित्तीय ज्ञापनात राज्याच्या तिजोरीवर किती भार पडेल ते असतं. ते पटकन वाचून सोडलं तरी चालतं. वैधानिक अधिकार सोपविण्याबाबतचं ज्ञापन मात्र शब्द न् शब्द वाचा. कुठल्या खंडाखाली सरकारला नियम करण्याचा किंवा अधिसूचना काढण्याचा अधिकार मिळतोय, याची ती यादी असते. ती जितकी लांब, तितका कायद्याचा खरा मजकूर अजून लिहायचा बाकी आहे असं समजा.

सुधारणा विधेयकाला पुष्कळदा जोडपत्र असतं आणि त्यात मूळ अधिनियमातल्या संबंधित कलमांचा उतारा दिलेला असतो. तो मिळाला तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

मूळ कायदा शेजारी ठेवा

सगळं काम खरं तर इथेच आहे. सभागृहात येणारी पुष्कळ विधेयकं नवा कायदा करत नाहीत, ती जुन्या कायद्याला ठिगळं लावतात. आणि नुसतं ठिगळ बघून सदरा कळत नाही. वाक्यं तीनच प्रकारची असतात. अमुक ‘या मजकुराऐवजी’ तमुक हा मजकूर दाखल करण्यात येईल. अमुक मजकूर ‘वगळण्यात येईल’. अमुकनंतर पुढील मजकूर ‘जादा दाखल करण्यात येईल’.

एक नमुना मी स्वतः बनवून दाखवतो. हे कुठल्याही खऱ्या कायद्यातलं नाही. समजा, मूळ कलम असं आहे:

“१२. (२) अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत सक्षम प्राधिकारी त्यावर निर्णय देईल : परंतु, उक्त कालावधीत निर्णय न दिल्यास, परवानगी देण्यात आली असल्याचे मानण्यात येईल.”

आणि विधेयक म्हणतं:

“मुख्य अधिनियमाच्या कलम १२ च्या, पोट-कलम (२) मध्ये, — (क) ‘तीस दिवसांच्या आत’ या मजकुराऐवजी, ‘विहित करण्यात येईल अशा कालावधीत’ हा मजकूर दाखल करण्यात येईल ; (ख) परंतुक वगळण्यात येईल.”

नुसतं विधेयक वाचलं तर यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. आता पेन्सिल घ्या. मूळ कलमातले ‘तीस दिवसांच्या आत’ हे शब्द खोडा, वर नवे शब्द लिहा, ‘परंतु’पासून पुढचं सगळं खोडा आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचा. अर्जदाराकडे आधी दोन गोष्टी होत्या: तीस दिवसांची मुदत आणि मुदत टळली तर आपोआप मिळणारी परवानगी. मुदत आता नियमांच्या पोटात गेली, उद्या ती साठ दिवसही होऊ शकते आणि त्यासाठी पुन्हा सभागृहात यायची गरज नाही. आपोआप मिळणारी परवानगी तर गेलीच. ‘परंतुक वगळण्यात येईल’ या तीन शब्दांत ती गेली. मंत्र्यांच्या भाषणात याचा उल्लेख बहुधा नसतो.

खरं उदाहरण हवं असेल तर शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा, तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा घ्या. २०१७ च्या दुरुस्तीने जुने बेकायदा तुकड्यांचे व्यवहार नियमित करून घेण्याची वाट उघडली, पण त्यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरायची होती. ज्याने चार गुंठे घेऊन घर बांधलंय त्याला ही रक्कम झेपणारी नव्हती. २०२४ मध्ये आधी अध्यादेशाने आणि मग विधेयकाने तिथे ५ टक्के केलं. कागदावर बघाल तर एका आकड्याऐवजी दुसरा आकडा, बदल एका ओळीत मावतो. मूळ कलम शेजारी नसेल तर हे कशाचे ५ टक्के आहेत, कोणी भरायचे आणि कुठल्या तारखांमधल्या व्यवहारांना हे लागू, यातलं काहीही कळत नाही. या कायद्यावर सरकारची नजर अधूनमधून पडतच असते, तेव्हा स्वतःच्या कामासाठी बघत असाल तर ताजी प्रत काढा. माझ्या लेखातला आकडा तलाठ्याला दाखवू नका.

छोटे शब्द, मोठी कामं

मराठी विधेयकात क्रियापदाच्या शेपटीकडे लक्ष ठेवावं लागतं. ‘जिल्हाधिकारी चौकशी करील’ आणि ‘जिल्हाधिकारी चौकशी करू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात त्याच्यावर बंधन आहे, दुसऱ्यात त्याच्या मर्जीचा भाग येतो. नागरिकाला हक्क देतो म्हणवणाऱ्या विधेयकात किती ठिकाणी ‘करील’ आहे आणि किती ठिकाणी ‘करू शकेल’, हे मी मोजतो. हा जरा बालिश उद्योग वाटेल, पण त्याने पुष्कळ कळतं.

‘विहित’ म्हणजे नियमांद्वारे ठरवलेलं. हा शब्द जिथे येतो तिथे मी समासात फुली मारतो. फी विहित, नमुना विहित, मुदत विहित, अपिलाची पद्धत विहित, अशा दहा-बारा फुल्या पडल्या की विधेयक चांगलं की वाईट यावर आज मत देण्यात अर्थ नाही, एवढं तरी समजतं. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम यासाठी वाचून बघा. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क तो देतो, चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही सांगतो. पण कुठल्या सेवा आणि किती दिवसांत, हे अधिनियमात शोधाल तर सापडणार नाही. ते त्या-त्या विभागाने अधिसूचनेने जाहीर करायचं असतं. म्हणजे तुमचा दाखला किती दिवसांत मिळायला हवा, याचं उत्तर सभागृहाने संमत केलेल्या मजकुराच्या बाहेर आहे.

तुकडेबंदीतही हेच. किती गुंठ्यांखालचा भाग म्हणजे तुकडा, हे प्रमाणभूत क्षेत्रावरून ठरतं, आणि ते क्षेत्र अधिसूचनेने ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. हजारो शेतकऱ्यांच्या व्यवहारांवर परिणाम करणारा बदल, आणि त्यासाठी एकही विधेयक आलं नव्हतं. विधेयकांवर डोळा ठेवणाऱ्याने अधिसूचनांकडेही बघायला हवं ते यासाठी.

‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या इतर कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ हे लांबलचक शेपूट दिसलं की थांबा. हे कलम इतर कायद्यांच्या डोक्यावर बसणार आहे. कुठल्या कायद्यांच्या, ते तुम्हाला शोधावं लागतं. विधेयक सांगत नाही.

आणि अनुसूची कंटाळवाणी दिसते म्हणून ती सोडू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं बळ अनुसूचीतच आहे. सहा महिने ते सात वर्षं कैदेची शिक्षा आहे, पण ती ‘अंधश्रद्धे’साठी नाही. अनुसूचीत बारा कृत्यं वर्णन करून दिलेली आहेत, आणि गुन्हा त्यांच्यापुरताच. या कायद्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. पूजाअर्चा, वारी, नवस यांवर बंदी येणार असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी अनुसूची वाचलेला एकही नव्हता. जे बारा नोंदींत नाही, ते या कायद्याखाली गुन्हा नाही, हे दोन पानं वाचून कळलं असतं.

कधीपासून लागू?

खंड १ लोक ओलांडून जातात, कारण तिथे फक्त नाव असतं असा समज आहे. तिथेच प्रारंभाची तारीखही असते. तीन शक्यता असतात. काही लिहिलेलं नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर अंमल सुरू होतो. ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल’ असं असेल तर संमती मिळूनही कायदा शांत बसून राहू शकतो, कारण आणखी एक कागद निघायचा असतो. भाडे नियंत्रण अधिनियम नावाने १९९९ चा आहे, पण अंमलात आला ३१ मार्च २००० रोजी. तिसरी शक्यता, ‘अमुक दिनांकास अंमलात आला असल्याचे मानण्यात येईल’. म्हणजे मागल्या तारखेपासून. अध्यादेशाच्या जागी येणाऱ्या विधेयकात हे नेहमी दिसतं आणि त्यात वावगं काही नाही. कर किंवा शुल्क मागल्या तारखेपासून लावलं असेल तर मात्र डोळे उघडे ठेवा. गुन्ह्याची शिक्षा तेवढी मागे जाऊन वाढवता येत नाही. अनुच्छेद २० तिथे आडवा येतो.

‘निरसन व व्यावृत्ती’ हा खंड याच प्रश्नाची दुसरी बाजू. जुना कायदा गेला तर त्याखाली दिलेल्या परवान्यांचं, चालू खटल्यांचं, भरलेल्या फीचं काय? तुमचं काही काम जुन्या कायद्याखाली अडकलेलं असेल तर सगळ्यात आधी हाच खंड गाठा.

हा विषय राज्याच्या हातात आहे का?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या याद्या आहेत. जमीन, पोलीस, स्थानिक संस्था हे राज्य सूचीत आहेत, तिथे राज्याला मोकळीक आहे. फौजदारी कायदा, शिक्षण, विवाह असे विषय समवर्ती सूचीत आहेत, तिथे संसदही कायदा करते. त्या कायद्याशी राज्याचा कायदा भिडला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा चालतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवून त्यांची संमती मिळवलेली असेल, तर तो त्या राज्यापुरता टिकतो. तेही संसदेने पुढे त्यावर वेगळा कायदा केला नाही तोवर.

यामुळे काय होतं त्याच्या दोन गोष्टी सांगतो. घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण आणण्यासाठी महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती यायला २०१४ उजाडलं. त्याचं बस्तान बसतंय तोवर २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदेचा कायदा केला, ज्याला आपण रेरा म्हणतो, आणि त्याच्या कलम ९२ ने महाराष्ट्राचा कायदा थेट निरसित करून टाकला.

दुसरी गोष्ट शक्ती विधेयकाची. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा आणणारं हे विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं. दुसऱ्या दिवशी ‘शक्ती कायदा झाला’ अशा अर्थाचे मथळे होते. मला माझं साप्ताहिक आठवलं. विधेयक भारतीय दंड संहितेत बदल करणारं, म्हणजे समवर्ती विषयातलं, म्हणून ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि संमती आलीच नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ज्या कलमांत दुरुस्ती करायची ती कलमंच राहिली नाहीत.

तेव्हा विधेयक समवर्ती विषयातलं असेल तर ‘संमत झालं’ या बातमीने हुरळून जाऊ नका.

विधेयक कुठवर आलंय

सभागृहात ऐकाल तर विधेयकाचा प्रवास चार वाक्यांत संपल्यासारखा वाटतो. मंत्री ते मांडतात, म्हणजे पुरःस्थापित करतात. मग ‘विधेयक विचारात घेण्यात यावे’ असा प्रस्ताव येतो, त्यावर चर्चा होते. नंतर एकेक खंड मताला टाकला जातो, दुरुस्त्या त्याच वेळी येतात. शेवटी ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा आहे असं अध्यक्षांना वाटलं की विधेयक संमत. गोंधळाच्या दिवशी हे सगळं तुमचा चहा संपायच्या आत उरकतं. मग तेच विधान परिषदेत. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८. परिषद विधेयक अडवू शकते, पण कायमचं नाही. पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेने पुन्हा संमत केलं तर आणखी एक महिना. धन विधेयक असेल तर फक्त चौदा दिवस.

बदल घडवायची खरी जागा समिती. २०२४ चं विशेष जनसुरक्षा विधेयक त्यासाठी बघण्यासारखं आहे. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं गेलं. विधानसभेची मुदत संपली आणि अनुच्छेद १९६ च्या नियमाने विधेयकही संपलं. नुसतं अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही, विधानसभा विसर्जित झाली तर मरतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते नागपुरात नव्याने आलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून बारा हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. समितीने मजकुरात बदल केले. मूळ दीर्घ शीर्षकात, म्हणजे विधेयक कशासाठी आहे ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या ओळीत, ‘व्यक्ती व संघटना’ होत्या, त्याजागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना आल्या. तपासाचा अधिकार पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येवर विरोधकांचा मुख्य आक्षेप होता आणि तो शेवटपर्यंत राहिला. १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि ११ जुलैला परिषदेने ते संमत केलं.

तुम्ही विधेयकाच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, एक कवायत करून बघा: मांडलेला मजकूर आणि संमत झालेला मजकूर शेजारी ठेवा आणि फरक अधोरेखित करा. मांडलेल्या विधेयकावर लिहिलेले लेख संमत झालेल्या कायद्याबद्दल म्हणून वर्षभर फिरत राहतात. तुमच्याकडचा मजकूर कुठल्या टप्प्यावरचा आहे, हे वरच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवा.

परिषदेनंतर राज्यपाल. संमती देणं, ती रोखून विधेयक फेरविचारासाठी परत पाठवणं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं, हे अनुच्छेद २०० मधले मार्ग. किती दिवसांत, हे संविधानात लिहिलेलं नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना न्यायालय अशी मुदत ठरवून देऊ शकत नाही असं म्हटलं, आणि कारणाविना अनिश्चित काळ विधेयक दाबून ठेवता येणार नाही असंही म्हटलं. आपल्यापुरता याचा अर्थ एवढाच की संमतीच्या तारखेचा अंदाज बांधून कुठलाही व्यवहार ठरवू नका.

तुमचं म्हणणं पोचवायचं असेल तर

विधेयक समितीकडे गेलं की हरकती आणि सूचना मागवणारी जाहीर सूचना निघू शकते. तिची मुदत लहान असते. अर्जात कायद्याबद्दलचं सर्वसाधारण मत लिहू नका, ते फायलीत झोपतं. खंड क्रमांक, पोट-खंड, आत्ताचा मजकूर, तुम्हाला हवा असलेला मजकूर आणि दोन ओळींत कारण, असं लिहा. ‘खंड ७, पोट-खंड (३) मध्ये “करू शकेल” ऐवजी “करील” असावे’ अशी सूचना समितीतल्या सदस्याला जशीच्या तशी उचलता येते. समितीकडे न जाता थेट सभागृहात येणाऱ्या विधेयकासाठी वेळ जवळजवळ नसतो. तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या आमदारांकडे खंडवार दुरुस्ती लिहून देणं हाच मार्ग, तोही पुरःस्थापनेच्या दिवशीच.

संधी एकदा हुकली तरी दुसरी असते, आणि ती लोक फारशी वापरत नाहीत. अधिनियमाखालचे नियम करताना ते आधी प्रसिद्ध करायचे अशी अट अनेक कायद्यांत असते. मग नियमांचा मसुदा हरकतींसाठी राजपत्रात येतो. मघाशी तुम्ही ज्या ‘विहित’वर फुल्या मारल्या होत्या, त्यातल्या प्रत्येकीचं उत्तर त्या मसुद्यात असतं. तीस दिवस की साठ, फी किती, अपील कोणाकडे. विधेयकाच्या वेळी शेकडो लोक बोलत असतात, नियमांच्या मसुद्याच्या वेळी एखाद-दुसरा अर्ज येतो. म्हणून त्या एखाद-दुसऱ्याला वजन असतं.

मी एक वही ठेवतो. एका ओळीत एक विधेयक, आणि रकाने असे: क्रमांक, मांडल्याची तारीख, विधानसभा, परिषद, संमती, अंमल. काकांचं काम ज्या बदलाने व्हायचं होतं त्याची ओळ पुरी भरायला दीड वर्ष लागलं. शेवटच्या रकान्यात तारीख पडली तेव्हा मी राजपत्राची प्रत काढून त्यांना नेऊन दिली. शक्तीच्या ओळीत परिषदेनंतरचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.